बिनदोषाचं जेवण

"मारतो का?" शेजारच्या स्वातीवहिनींनी लिफ्टमध्ये विचारलं. मी म्हटलं, "कोण?" तर म्हणाल्या, "मग पितो का?"

*

हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात नवराबायकोचे मान्यताप्राप्त दोष दिलेले आहेत. व्यभिचार आहे, क्रूरता आहे, सोडून जाणं आहे, धर्म बदलणं आहे, संन्यास घेणंसुद्धा आहे. कुष्ठरोग होता, तो काही वर्षांपूर्वी काढला. टीव्हीचा रिमोट उशाखाली घेऊन झोपणं नाही.

*

उमरोळी स्टेशनजवळच्या एका भाड्याच्या खोलीत एक भूगोलाचा मास्तर ओट्यासमोर उभा आहे. ओट्यावर पापलेटं आहेत. मास्तर कोळ्याचा मुलगा आहे. पापलेटं त्याच्याकडे बघतायत, तो पापलेटांकडे बघतोय. पुढे काय करायचं ते कोणालाच माहीत नाही.

*

"मॅडम, साहब का पार्किंग किसी और को दे दूँ क्या?" असं रामकिसन वॉचमनने विचारलं. पहिल्याच दिवशी. सकाळी.

*

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मी ज्या औषधांच्या कंपनीत काम करते तिथे गोळ्यांची एखादी बॅच नापास झाली की कारण शोधावं लागतं. मशीन तपासतात, माणसं तपासतात, पाणी तपासतात. तरी काही सापडलं नाही तर शेवटी लिहायची मुभा आहे : निश्चित कारण आढळले नाही. वरचे साहेब कुरकुरतात, पण सही करतात. माणसं गिळतात त्या गोळ्यांना हे चालतं.

*

"मंग जेवान कोन घालनार?" दामूकाका, आमच्या समाजाचे पुढारी, भर बैठकीत.

*

हे सगळं एकाच भानगडीचं आहे. मी हेमांगी. माहेर माहीमचं, सासर तारापूरपलीकडच्या एका कोळीपाड्यावरचं, आणि राहणं बोईसरला, तिसऱ्या मजल्यावर. निमेश माझा नवरा होता. आम्हाला घटस्फोट हवा होता, दोघांनाही, आणि त्यात कोणाचा दोष नको होता. तो वाईट नव्हता, मी वाईट नव्हते. माझी एकच अट होती, की या प्रकरणात एकही खोटं वाक्य कुठे लिहिलं किंवा बोललं जाणार नाही. त्याच्या नावावर मारहाण नको, माझ्या नावावर भानगड नको. मला वाटलं, सगळ्यात सोपी अट हीच. सोपी कसली. एखाद्याच्या घरात घुसून तुम्ही टीव्ही उचलून नेलात तर लोक एवढे खवळणार नाहीत, जेवढे 'कोणाचाच दोष नाही' म्हटल्यावर खवळतात.

पालघरला कोर्टाजवळ झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत ॲडव्होकेट धीरज चुरी बसतात. आम्ही दोघं जोडीने गेलो, हीच पहिली चूक. वकिलांना वाटलं, फ्लॅटचं काम आहे.

"दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "एक दोषाचा. एकाने दुसऱ्यावर आरोप करायचा आणि सिद्ध करायचा. दुसरा बिनदोषाचा, परस्परसंमतीचा. त्यात कोणी कोणाला नावं ठेवायची नाहीत."

"तोच द्या," मी म्हटलं. साडी निवडल्यासारखं.

"त्याला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. तुम्ही वेगळे राहता?"

"एकाच फ्लॅटमध्ये. दोन खोल्यांत."

"स्वयंपाकघर?"

"एकच."

"मग कठीण आहे. कोर्टाला पटवत बसावं लागेल. त्यापेक्षा दोषाचा रस्ता मोकळा. साहेबांचा एखादा दोष सांगा."

मी विचार करू लागले. माझी पंचाईत बघून शेजारी बसलेला निमेशही विचार करू लागला. तो पहिल्यापासून मदतीला तत्पर.

"मी नळ नीट बंद करत नाही," तो म्हणाला.

"नळ क्रूरतेत बसत नाही," वकील म्हणाले. मग त्यांनी कॉम्प्युटरवर कोणाचा तरी जुना अर्ज उघडला आणि वाचायला लागले : "सामनेवाला याने अर्जदार हिस पट्ट्याने मारहाण केली..."

"पण मी पट्टा वापरत नाही," निमेश म्हणाला. "पँटला इलॅस्टिक आहे."

"मग दांडकं लिहू."

"आमच्याकडे दांडकं नाही!" मी ओरडले. झेरॉक्सवाला खालून वर बघायला आला. वकिलांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू क्रूरता मिळाली, फक्त बाजू बदलावी लागेल. निघताना दारात त्यांनी आणखी सांगितलं, की दोघांनी ठरवून खोटा दोष लिहिला तर तेही कायद्याला चालत नाही. म्हणजे खोटं लिहायचं, पण एकमेकांना न सांगता लिहायचं.

परत येताना निमेश म्हणाला, "लिहून टाक ना. मला काय फरक पडतो?"

इथे मला सगळ्यात जास्त राग आला. एखादा माणूस तुमच्यासाठी खोटा गुन्हा अंगावर घ्यायला तयार होतो तेव्हा पाया पडावं असं म्हणतात. मला त्याला रिक्षातून ढकलावंसं वाटलं. मी ज्याच्यासाठी भांडतेय तोच म्हणतोय, जाऊ दे! वर त्याने प्रामाणिकपणे तयारीही सुरू केली. दोनतीन दिवसांनी जेवताना ताट सरकवून मोठ्याने म्हणाला, "भाजीत मीठ नाही!" आणि मग हळूच, "बरोबर जमलं ना?" तेवढ्यात बेल वाजली. स्वातीवहिनी दारात, हातात मिठाची वाटी. "ऐकू आलं म्हणून आणलं," म्हणाल्या. साक्षीदार म्हणून त्यांचा काय उपयोग होणार होता? त्यांनी मीठच पुरवलं असतं.

शेवटी निमेश उमरोळीला राहायला गेला. एक गादी, एक स्टोव्ह, जगाचा नकाशा. वर्षभर वेगळं राहायचं, मग अर्ज करायचा, असं ठरलं.

आता आमच्या इमारतीत कायद्याचा अभ्यास सुरू झाला. पार्किंग रिकामं दिसतंय म्हणजे तो पळाला, असं पहिल्या मजल्यावर ठरलं. मी खालच्या बाईकडून ब्लाउज शिवून घेतला म्हणजे माझंच काहीतरी आहे, असं दुसऱ्या मजल्यावर ठरलं. स्वातीवहिनींचा पक्ष मधला. त्या म्हणायच्या, "दोष असणारच गं. तुम्हाला दिसत नसेल. डॉक्टरला दाखवून घ्या." मूल नाही हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना वाटत होतं की मला माहीत नाही. मी चिडून म्हटलं, "वहिनी, तुमच्या संसारात कोणाचा दोष आहे?" त्या अजिबात न चिडता म्हणाल्या, "यांचा." भाजीचा भाव सांगावा तसं. भाऊजी आत पेपर वाचत होते. पेपर हललासुद्धा नाही.

मला त्या क्षणी कळलं, की लोकांचं दोषावाचून अडतं ते यासाठी. दोष असला की संसार चालतो. नसला की माणसांना भीती वाटते, आपल्याही घरी असं होईल.

(हा विचार बरा होता, पण त्याचा मला काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही आणि मी तो विसरले.)

पापलेटांकडे येते.

माझ्या सासूबाई, नलूआई, बंदरावर म्हावरं, म्हणजे मासळी, घेतात, विकतात, उरलेलं वाळवतात. लग्न झाल्यापासून त्यांचा नेम होता. आठवड्याला ताजं म्हावरं तारापूरकडून येणाऱ्या रिक्षातून बोईसरला आमच्या घरी. निमेश उमरोळीला गेला, शाळेला जवळ पडतं म्हणून गेला असं त्याने आईला सांगितलं. (खोटं वाक्य! माझ्या अटीत पहिलं भोक त्यानेच पाडलं.) तेव्हा त्या म्हणाल्या, "मी दोन घरी म्हावरा देनार नाय. घर एकच हाय." त्यामुळे म्हावरं माझ्याकडे. मी अर्धं पिशवीत घालून निमेशला देऊ लागले. पण आमच्यात म्हावरं पुरुष आणतात आणि बायका साफ करतात. हा गृहस्थ खाडीकाठी वाढूनही पापलेटाचं पोट कुठे चिरतात ते विचारायला मला व्हिडिओ कॉल करायचा. वर्गात प्रशांत महासागर शिकवणारा माणूस! मी वैतागून साफ करून देऊ लागले. मग तो ते जाळू लागला. मग मी कालवणच करून देऊ लागले. डबा घ्यायला तो बोईसर स्टेशनवर यायचा, रिकामा डबा घासून द्यायचा. छान चाललं होतं. इतकं छान तर लग्नातही चाललं नव्हतं.

आणि या प्रामाणिक माणसाने जाऊन वकिलांना विचारलं, "मी तिच्या हातचं कालवण खातो, हे सांगावं लागेल का?"

चुरी वकिलांनी पेन खाली ठेवलं. "कालवण चालू म्हणजे संसार चालू. वर्ष पुन्हा पहिल्यापासून धरा."

मी दुसऱ्याच दिवशी हाफ डे टाकून निमेशला घेऊन पालघरला धडकले. "हे कुठल्या कलमात आहे?"

"कलमात नाही. पण विरुद्ध बाजूने मुद्दा काढला तर?"

"विरुद्ध बाजू कोण आहे?"

वकिलांनी खोलीभर नजर फिरवली. निमेशकडे बघितलं. निमेशने मान हलवून आपण नसल्याचं कळवलं.

"तसं कोणी नाही," वकील म्हणाले. "पण धोका नको. कालवण बंद करा."

कालवण बंद करायचं तर म्हावरं बंद करायला हवं, आणि म्हावरं बंद करायचं तर आईंना खरं सांगायला हवं. निमेश म्हणाला, "तू सांग. तू नीट बोलतेस." मी गेले. आई बोंबील वाळत घालत होत्या, काठ्यांवर जोडीजोडीने, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून. त्यांचा हात थांबला नाही.

"मारला का त्यानं तुला?"

"नाही, आई."

"दुसरी ठेवली?"

"नाही."

"तुजा कोन हाय?"

"नाही हो!"

"मंग काय झाला?"

"काही नाही झालं."

"काय नाय झाला तं सोडतेस कशाला?" हे त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की पलीकडच्या काठ्यांवरची ठकी थेट आमच्याकडे तोंड करून बोंबील घालू लागली. मी बोईसरला पोचायच्या आत पाड्याला कळलं होतं. काही नाही झालं, हेच कळलं होतं, आणि तेच कोणी माफ करायला तयार नव्हतं.

मधेच कोर्ट उरकून घेते, कारण कोर्टाचं उरकायलाच मुळी वेळ लागला नाही. म्हणजे वर्ष लागलं, आणि अर्ज केल्यावर कायद्याने विचार करायला दिलेले सहा महिने लागले. पण प्रत्यक्ष काम चहा निवायच्या आत झालं. मी भाषण तयार करून गेले होते. आमचा दोष का नाही, दोष नसणं हा माणसाचा हक्क कसा आहे, वगैरे. आरशासमोर म्हणून बघितलं होतं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "कोणाचा दबाव आहे?" दोघंही "नाही" म्हणालो. "एकत्र राहणं शक्य आहे?" दोघंही "नाही" म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि पुढचं प्रकरण घेतलं. कालवणाचं नावसुद्धा निघालं नाही. का, म्हणून कोणी विचारलं नाही! सगळं गाव जे विचारत होतं ते, ज्यांना विचारायचा अधिकार होता, त्यांनी विचारलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. मला अपमान वाटला. इतक्या रागाचं आता करायचं काय?

त्याची सोय पाड्यावर झाली. आईंचा फोन आला. "ये बाय एकदा. कोर्टाचा कागद कोर्टात. बायका बाजारात माज्या बाजूला टोपली लावत नायत. बसून मिटवून टाक."

समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक. पुरुष पुढे, बायका मागे, पोरं झाडावर. दामूकाकांनी मला रीत समजावून सांगितली, जणू मी ती लहानपणी ऐकली नव्हती. जोडपं मोडलं की ज्याचा दोष त्याने पाड्याला जेवण घालायचं. जेवण झालं की विषय संपला. जो जेवला त्याने त्याबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही. कधीच नाही.

"ही रीत बरी हाय पोरी," दामूकाका म्हणाले. "लोकांचा तोंड कायद्यानं नाय बंद होत. भातानं होतो. तं सांग, दोस कुनाचा?"

"कोणाचाच नाही, काका."

"मंग जेवान कोन घालनार?"

मी उभी राहिले आणि कोर्टात राहिलेलं भाषण तिथे केलं. दोषाचा घटस्फोट, बिनदोषाचा घटस्फोट, संमती, कलम, सगळं. बायका मन लावून ऐकत होत्या. संपल्यावर ठकी म्हणाली, "ते समजला. पन केला कोनी काय?"

"अर्धं अर्धं घालतो आम्ही," मी म्हटलं.

"अर्धा जेवान म्हंजे अर्धा तोंड बंद," दामूकाका म्हणाले. ओटा हसला.

तेवढ्यात निमेश उठला. मला त्याच्या उठण्यावरूनच कळलं. "दोष माझा आहे," तो म्हणाला.

सगळ्या ओट्याने श्वास सोडला. एकजण म्हणाला, "तरी मी म्हनत होतो!" काय म्हणत होता कोण जाणे. झाडावरची पोरं उतरायला लागली. आणि मी, सगळ्या पाड्यासमोर, कोर्टाने शहाणी ठरवलेली बाई, कंपनीत सुपरवायझर, ओरडले, "खोटं बोलतोय! बस खाली! बस म्हणते ना!"

मग मागून आवाज आला, "बगा. नवऱ्याशी कशी बोलते."

"आता नवरा नाही तो!"

"तरीपन."

संपलं. दोष सापडला. इतका वेळ सगळे शोधत होते तो माझ्या तोंडात होता. बायकांनीही माना हलवल्या. निमेश गयावया करत सांगत होता, की ती तशी नाही, आज चिडलीय, तर लोक त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "गप बाला, किती सोसलास."

मी सांगते, त्या क्षणी माझ्या हातात दांडकं असतं तर चुरी वकिलांचा अर्ज खरा झाला असता.

मग नलूआई उठल्या. पदर खोचला. "जेवान मी घालते," म्हणाल्या. "लगीन मी जमवलेला. माहीमला दोनदा जाऊन मी मागनी घातली. दोस माजा."

"आई, तुमचा काय संबंध?" मी म्हटलं.

"तू गप. तुजा कायदा तिकडं. मला हितं टोपली लावायची हाय."

दामूकाकांनी इकडेतिकडे बघितलं. निमेशने दोष घेतला तेव्हा चर्चा झाली होती, माझ्यावर आला तेव्हा चर्चा झाली होती. म्हाताऱ्या बाईने उचलला तर कोणाला हरकत नव्हती. "बरा," दामूकाका म्हणाले, "रविवारी." जणू वाटेत पडलेली वस्तू तिच्याच घरची होती आणि ती उचलून घेऊन गेली.

रविवारी पंगत बसली. भात, कोलंबीचं कालवण, तळलेली मांदेली. आई स्वतः वाढत होत्या, कमरेत वाकून, सगळ्या पाड्याला, ज्यांनी त्यांच्या बाजूला टोपली लावली नव्हती त्यांनाही. लोक पोटभर जेवले. "झ्याक झाला," म्हणाले. निमेशही जेवला. आईने वाढलं म्हणून जेवला. त्याच्या जागी मीही जेवले असते. ठकी दोनदा भात मागून जेवली, आणि खरं सांगते, त्यानंतर तिने या विषयावर एक शब्द काढलेला नाही. रीत पाळतात, हे मान्य करायला हवं.

माझ्यासमोर ताट आलं. मी हात लावला नाही.

दामूकाका समोरून म्हणाले, "खा पोरी. नाय खाल्लास तं तुजा तोंड बंद नाय व्हयाचा."

"म्हणूनच," मी म्हटलं.

आई माझ्यासमोर कालवणाचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं. माझं भरलेलं ताट उचललं, मागच्या दारी नेलं, आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मी त्यांच्या दोषाचं जेवण नाकारलं, असं मला म्हणायचं होतं. मी त्यांच्या हातचं जेवण नाकारलं, असं त्यांना समजलं. दोन्ही खरं आहे. आता त्यांचा फोन येत नाही. निमेश बोलू शकत नाही, तो जेवलाय. सगळा पाडा जेवलाय. राहता राहिले मी, म्हणून मी सांगते, ज्याला ऐकायचं त्याला, लिफ्टमध्येसुद्धा : दोष कोणाचा नव्हता. नलूआईंचा तर मुळीच नव्हता.

वकिलाकडे जायच्या आदल्या उन्हाळ्यात मी आणि निमेश एकदा केळव्याच्या समुद्रावर गेलो होतो. सकाळच्या एसटीने गेलो, ताडगोळे खाल्ले, पाण्यात पाय बुडवून बसलो, संध्याकाळच्या एसटीने परत आलो. त्या दिवसभरात आम्ही एकमेकांशी एकही वाक्य बोललो नाही. भांडण झालेलं नव्हतं.